बारा भट्ट्या गार

आमच्या गावात बारा घरं खवा काढायची आणि विकत घेणाऱ्याच्या लेखी बाराही घरांचा खवा एकच होता. आईला हे कधी पटलं नाही. ती म्हणायची, एकच कसा असंल, सोपानाच्या घरचा करपट लागतो, रंगूबाईचा ओला असतो, उन्हाळ्यात तर हाताला पाणी सुटतं. पण आप्पाशेठचा मुनीम दुपारी जीप घेऊन यायचा, तागडीत गोळा टाकायचा, तोलायचा आणि सगळ्या घरांचे गोळे एकाच पाटीत एकावर एक रचायचा. वर ओलं फडकं पडलं की कुणाचा गोळा कुठला, हे काढणाऱ्या बाईलासुद्धा सांगता आलं नसतं. आई दारात उभी राहून ती पाटी जीपमध्ये चढताना बघत राहायची आणि मग आत येऊन चूल सारवायला घ्यायची.

गाव भूम तालुक्यातलं, बालाघाटाच्या माळावर. जमीन हलकी, पाऊस नावापुरता, पण दारोदार म्हशी. दूध निघायचं भरपूर आणि ते पिणारी माणसं लांब, बार्शीला, सोलापूरला, पुण्याला. एवढ्या लांब दूध पोचेपर्यंत नासायचं. खवा दोन दिवस तग धरतो, म्हणून आमच्याकडं दुधाचा खवा झाला. ही साधी गोष्ट मला पुढं अर्थशास्त्र शिकवताना पोरांना सांगायला बरी पडायची. तेव्हा मात्र आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की सकाळी धारा निघाल्या की भट्टी पेटली पाहिजे.

आमची भट्टी घराच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या छपराखाली होती. मातीचं उंच तोंड, त्यावर रुंद लोखंडी कढई, खाली बाभळीचं जळण. आबा, म्हणजे माझे वडील, आणि आई आळीपाळीनं उभे राहायचे. लांब दांड्याचं उलथनं कढईच्या बुडावरून सारखं फिरवत ठेवायचं, क्षणभरही थांबवायचं नाही. थांबलं की दूध लागतं आणि लागलेल्या दुधाचा वास दहा घरांना कळतो. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो खर्र-खर्र आवाज बारा घरांतून एकदम यायचा. शाळेत जाण्याआधी मी अर्धा तास उलथनं धरायची. धुरानं डोळ्यांतून पाणी यायचं, उजवा खांदा भरून यायचा. माझा तो खांदा आजही थंडीत बोलतो. दूध आटत आटत घट्ट व्हायचं, बुडबुडे जड व्हायचे, मग आई कढई खाली उतरवायची आणि बुडाला चिकटलेली तांबूस खरवड खुरपून माझ्या हातावर ठेवायची. तिच्यात साखर घातलेली नसायची, तरी ती गोड लागायची. पुढं मी मोठमोठ्या दुकानांतली मिठाई खाल्ली, पण त्या खरवडीसारखं काही खाल्लं नाही. हे मी कौतुकानं लिहीत नाही. भूक लागलेली असायची, एवढंच कारण असेल.

भाव आप्पाशेठ सांगायचे. ते भूमचे व्यापारी, बाजारपेठेत त्यांची पेढी होती. खवा घेणारं दुसरं कुणी आमच्या गावापर्यंत येत नसे. मुनीम जीपमधून उतरायच्या आधीच सांगायचा, "आज इतका." कुणी विचारायचं नाही, का म्हणून. एकदा मीच आबांना विचारलं, "आबा, खवा आपला, मग भाव त्यांनी का सांगायचा?" आबा उलथनं फिरवत होते. म्हणाले, "बारा जण ईकणारे अन् एक घेणारा. तू न्हाय दिलास तर बाजूचा देतोय. भाव काय आपल्या हातात असतो व्हय?" यापेक्षा सोप्या शब्दांत मला ते पुढं कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

मग मगनशेठ आले. हे बार्शीचे. त्यांचा टेम्पो पहिल्यांदा गावात शिरला तेव्हा पोरं मागं धावली होती. त्यांनी आप्पाशेठपेक्षा चढा भाव सांगितला. दुसऱ्या दिवशी आप्पाशेठच्या मुनिमानं त्यावर चढवला. मग मगनशेठनं आणखी. ते वर्ष आमच्या घरानं कधी विसरू नये असं होतं. जो मुनीम जीपमधून उतरताना कुणाकडं बघायचा नाही, तो आमच्या ओट्यावर बसून चहा घेऊ लागला, माझा अभ्यास विचारू लागला. मगनशेठच्या माणसानं तर एकदा आमच्या कढईतला खवा चिमटीत घेऊन आईला विचारलं, "वैनी, असा दाणेदार कसा काढता?" आईनं त्या रात्रीच्या जेवणात हे तीनदा सांगितलं. नवी कढई आली. छपराचे पत्रे बदलले. आणि मला आठवीनंतर घरी न बसवता भूमच्या हायस्कुलात घातलं, एसटीचा पास काढून.

माझ्यासोबत एसटीत रत्ना असायची. धोंडूतात्यांची मुलगी, माझ्यापेक्षा एक यत्ता पुढं. धोंडूतात्यांची भट्टी आमच्या भिंतीला लागून होती. ते आणि आबा एका वयाचे, एका पारावर वाढलेले. तात्या उंच, किडकिडीत, बोलणं कमी. आमच्याकडं काही चांगलं शिजलं की वाटी भिंतीवरून तिकडं जायची आणि रिकामी कधी परत यायची नाही. भिंत कमरेएवढीच होती. आई आणि रत्नाची आई दोघी आपापल्या कढईशी उभ्या राहून, एकमेकींचं तोंड न बघता, सकाळभर बोलायच्या. उलथन्याच्या आवाजात काय ऐकू यायचं कुणास ठाऊक.

चढाओढ पाऊण वर्ष टिकली. मग एका श्रावणात, गौरी-गणपती तोंडावर आले असताना, दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकामागोमाग आल्या आणि दोघांनीही एकच भाव सांगितला. तो भाव मगनशेठ यायच्या आधीपेक्षाही खाली होता. लोक इकडून तिकडं गेले, तिकडून इकडं आले. दोन्ही तागड्यांवर तोच आकडा. सोपानानं मुनिमाला विचारलं, "सणाच्या तोंडावर भाव चढतो का पडतो, मालक?" मुनीम म्हणाला, "पुण्यातच पडलाय." दोन दिवसांनी गावातलाच एक जण भूमला गेला होता. त्यानं आप्पाशेठ आणि मगनशेठ यांना एका हॉटेलात एका टेबलाशी बसलेलं बघितलं. बशीत ओतून चहा पीत होते म्हणे, पाहुण्यासारखे.

पारावर सगळे जमले. बारा घरांतले पुरुष पुढं, आम्ही बायका-मुली हापशाजवळ. बराच वेळ नुसत्या शिव्या झाल्या. मग धोंडूतात्या उठले. त्यांना मी पहिल्यांदाच एवढं बोलताना ऐकलं.

"ते दोघं एक झाले. आपुन बारा हाव, आपल्याला एक व्हायला काय झालं? सण आलाय. पेढा त्यांना लागतोय, खवा त्यांना लागतोय. आठ दिवस कुणीबी भट्टी पेटवायची न्हाय. आपसूक येत्यात का न्हाय बगा."

"अन् दुधाचं काय करायचं?" रंगूबाईचा नवरा म्हणाला.

"दही लावा, तूप काढा, लेकराला पाजा. आठ दिवसांचा तर परश्न हाय."

आबांनी सगळ्यात आधी हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी केला. कुणीतरी देवळातून बेल आणि भंडारा आणला आणि बाराही जणांनी तो उचलून शपथ घेतली. भंडारा उचलणं म्हणजे आमच्याकडं शेवटचा शब्द. घरी येताना आबांची चाल वेगळी होती. दारात आल्यावर आईला म्हणाले, "तात्यानं आज गाव जागं केलं बग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती शांततेनं. खर्र-खर्र नव्हतं. कोंबडे, म्हशींच्या साखळ्या, लांबून कुणाचा तरी खोकला, एवढंच. जीप आली, रिकामी गेली. टेम्पोही तसाच. पोरांनी टेम्पोच्या मागं आरोळ्या दिल्या. घराघरांत दह्याची मडकी लागली. आईनं दोन दिवस ताक घुसळलं, लोणी कढवलं, गावभर ताक वाटलं, पण ताक प्यायला घर कुठलं रिकामं होतं? ज्याच्या-त्याच्या घरी तेच. बाहेरच्या वस्त्यांवरून रतीबाचं दूध यायचं ते थांबवलं, पण घरच्या म्हशींना कोण थांबवणार? सांजसकाळ त्यांचे सड भरून यायचे. तिसऱ्या दिवशी दूध ठेवायला भांडं उरलं नाही. परसातल्या खड्ड्यात दूध ओतताना मी आईला बघितलं. तिनं आधी इकडंतिकडं बघितलं, मग पदरानं तोंड पुसलं. आमच्याकडं दूध उतू गेलं तर त्यावर हळदीकुंकू वाहतात. सांडलेल्या दुधाला पाय लागू देत नाहीत.

त्याच दुपारी मुनिमाची बायको आईकडं आली. तिचं माहेर आमच्या गावातलंच. दोघी आत बसून बोलल्या. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"मी आपली म्हणून सांगते," ती बाई म्हणाली. "शेठला गणपतीला खवा लागतोय. जो आता देईल त्याचा वर्षभर सगळा घेणार, तोंड बघून. जो देणार न्हाय त्याला मागनं दारात उभं करणार न्हाय. आणि देणारे हैत बरं का, वैनी."

"कोण हाय?"

"नाव कशाला घेऊ मी? तुम्ही शेवटच्या राहू नका, एवढंच."

ती गेल्यावर आई बराच वेळ भिंतीकडं बघत बसली. तिकडून तात्यांच्या घरातला आवाज येत होता. रत्नाची आई म्हशीशी बोलत होती. संध्याकाळी आबा पारावर गेले तेव्हा आईनं घरातल्या चुलीवर लहान कढई चढवली. चूल तर प्रत्येक घरात पेटते, धुराचा संशय कुणाला येणार? उलथन्याचा आवाज होऊ नये म्हणून तिनं लाकडी पळी घेतली. खवा आटला तेव्हा तिनं तो ओल्या फडक्यात बांधला आणि पितळी डब्यात घालून झाकण लावलं. आबा जेवायला आले. डबा कोनाड्यात समोर होता. घरात आटलेल्या दुधाचा वास भरून राहिला होता. खवा काढण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला तो वास कळला नसेल, असं म्हणायला मी तयार नाही. ते भाकरी खाऊन हात धुऊन बाहेर जाऊन बसले.

पहाटेच्या दुधाचा गरम खवाही आईनं त्याच डब्यात भरला आणि सकाळी माझ्या दप्तरातली पुस्तकं काढली, तळाशी डबा ठेवला आणि पुस्तकं परत वर भरली. "शाळेच्या वाटंवरच हाय पेढी. देऊन जा. कुणी इचारलं तर जेवणाचा डबा म्हण."

"आबांनी भंडारा उचललाय," मी म्हणाले.

"त्यांनी उचललाय. मी न्हाय." मग ती म्हणाली, "तुला शाळेत जायाचंय का न्हाय?"

मला जायचं होतं. फार जायचं होतं. म्हणून मी दप्तर खांद्याला लावलं. आज साठी उलटल्यावर मी मनाशी पुष्कळदा म्हणून बघते, की पंधरा वर्षांची पोर, आईनं सांगितलं ते केलं. पण आईनं मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. तोंडानं नसेल दिलं.

एसटीत रत्ना शेजारी बसली. दप्तर मी मांडीवर धरलं होतं. तिनं त्यावर कोपर टेकवलं आणि म्हणाली, "गरम कशानं लागतंय गं?"

"जेवणाचा डबा हाय."

"आमच्याकडं तर चार दिवस दह्याशिवाय काय न्हाय," ती हसली. "काल तात्यानं उरलेलं दूध म्हशीलाच पाजलं. म्हशीनं तोंड फिरवलं." मला हसू आलं नाही. त्या गाडीत गावातली आणखी बरीच माणसं होती, हे मला तेव्हा जाणवलं. सोपानाची म्हातारी लेकीकडं निघाली होती, मांडीवर गाठोडं. रंगूबाईचा दीर दवाखान्यात निघाला होता, पायाशी पिशवी. एरवी कामाच्या दिवशी एवढे लोक भूमला जात नसत. कुणी कुणाला, कुठं निघालात म्हणून विचारत नव्हतं. आमच्याकडच्या माणसानं एसटीत शेजारच्याला हे विचारायचं टाळलं, म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं.

दोन दिवस मी डबा दिला. पेढीवरचा पोऱ्या तो मागच्या दारानं घ्यायचा, रिकामा डबा द्यायचा. तिसऱ्या दिवशी मागचं दार बंद होतं. रत्नाला मी वही घ्यायचीय म्हणून पुढं पाठवलं होतं, शाळेची घंटा होत आली होती, म्हणून मी पुढच्या दारानं गेले. आत गादीवर आप्पाशेठ लोडाला टेकून बसले होते आणि त्यांच्यासमोर, पाठ माझ्याकडं करून, धोंडूतात्या बसले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती.

"सहा दिवस झाले, आप्पा," तात्या म्हणत होते. आवाज चढलेला नव्हता, उलट त्यात एक प्रकारची खुशी होती. "बारा भट्ट्या गार हैत. तोळाभर खवा गावाभाईर गेला न्हाय. सण चार दिवसांवर आलाय. तुमाला गरज हाय, आमालाबी हाय. मागच्या साली दिलात तेवढा भाव द्या, उद्या पेटवतो. माझ्या शब्दावर गाव थांबलंय."

आप्पाशेठचं लक्ष माझ्याकडं गेलं होतं. मी मागं सरायला हवं होतं. आप्पाशेठ अगदी मायेनं म्हणाले, "ये पोरी. उन्हात कशाला उभी? ठेव आत."

तात्यांनी वळून बघितलं. आधी त्यांना काही समजलं नाही. मला वाटतं, त्यांना वाटलं असावं की मी त्यांनाच शोधत आले, घरी काही झालं. ते अर्धे उठलेही. मग त्यांची नजर दप्तरावर गेली. ते माझ्याजवळ आले, दप्तराचा पट्टा माझ्या खांद्यावरून स्वतःच उतरवला, हातानं जोखलं. पुस्तकांच्या खाली हात घातला आणि डब्याला हात लागला तसा तो तिथंच थांबला. डबा अजून कोमट होता.

"आयनं दिलाय व्हय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"आणि कोण कोण हाय?" हे त्यांनी आप्पाशेठला विचारलं.

"मी कशाला कुणाची नावं घेऊ, धोंडीबा? आत जाऊन बघा की."

तात्या आतल्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. फरशीवर ओल्या तरटावर गाठोडी मांडलेली होती, लुगड्याच्या फडक्यांत, धोतराच्या तुकड्यांत, उपरण्यात. ज्या गावात माणूस एकमेकांच्या दोरीवरचे कपडे रोज बघतो, तिथं फडकं ओळखायला नाव लागत नाही. तात्या एकेका गाठोड्याजवळ वाकले. हात कशाला लावला नाही. पार शेवटपर्यंत गेले आणि परत आले. तेवढ्यात त्यांचं वय वाढलं, असं मला वाटलं, पण हे मी नंतर मनात रचलेलं असेल.

"आमचाच तेवढा न्हाय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, ठाऊक नाही.

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. आप्पाशेठना म्हणाले, "येतो, आप्पा." बाहेर पायरीवर मी रडत होते. माझं दप्तर त्यांनी पुन्हा माझ्या खांद्याला अडकवलं. डबा आतच राहिला होता, ते आता हलकं झालं होतं. "शाळा बुडवू नको," ते म्हणाले. "जा. घंटा झाली."

संध्याकाळी पारावर सगळे जमले होते, तात्या आप्पाशेठला भेटून आल्याचं कळलं होतं, काय निरोप आणला ते ऐकायला. आम्ही दोघी एसटीतून उतरून तिकडंच गेलो, कारण रत्नाला वडलांचं बोलणं ऐकायचं होतं. अकराही घरचे पुरुष होते. आबा कट्ट्याच्या कडेला बसले होते. तात्या उभे होते. मला वाटलं, आता ते नावं घेणार.

"आप्पा म्हणत्यात, हाय त्याच भावात घालायचं," तात्या म्हणाले. "पेटवा भट्ट्या."

कुणी विचारलं नाही, का. कुणी म्हणालं नाही, आणखी चार दिवस थांबू. जे सहा दिवसांपूर्वी एवढे गरजत होते त्यांच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. तात्या थोडा वेळ वाट बघत उभे राहिले. एकेकाच्या तोंडाकडं त्यांनी बघितलं, आबांच्याही. आबा नखानं कट्ट्यावरचा चुना खरवडत होते. मग तात्या घरी निघून गेले आणि मागोमाग सगळे उठले. रत्ना मला म्हणाली, "तात्या असा कसा हरला गं?" तिला मी ते कधी सांगितलं नाही.

पुढं पुष्कळ दिवसांनी मुनीम ओट्यावर बसून सहज बोलून गेला, की शेठचीही तेव्हा टरकली होती. पुण्याहून रोज निरोप येत होते. आणखी दोन दिवस खवा मिळाला नसता तर शेठ स्वतः गाडी घेऊन गावात आले असते आणि मागाल तो भाव दिला असता. आबांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर कप तिथंच पडून राहिला, संध्याकाळपर्यंत.

मगनशेठचा टेम्पो दिवाळीनंतर यायचा बंद झाला. आप्पाशेठची जीप तेवढी राहिली. आणि जीपचा मुनीम रोज सगळ्यांचं तोलून झाल्यावर, शेवटी, तात्यांच्या दारात जायचा. कधी खवा ओला म्हणायचा, कधी पाटी भरली म्हणायचा. तात्यांचा खवा कसा असतो ते गावाला माहीत होतं. गाव बघत होतं. भिंतीवरून जाणारी वाटी आईनं दोनदा पाठवली. दोन्ही वेळा ती धुऊन, पालथी घालून परत आली. त्यानंतर तिनं पाठवली नाही. दोघी आपापल्या कढईशी उभ्या राहायच्या आणि नुसता उलथन्याचा आवाज यायचा.

संक्रांतीच्या आत तात्यांनी म्हशी विकल्या. पुण्यात एका मिठाईवाल्याच्या कारखान्यात खवा आटवायला माणूस हवा होता. म्हणजे काम तेच, कढई दुसऱ्याची. रत्नाची दहावीची परीक्षा तोंडावर होती, ती तिनं दिली नाही. निघायच्या दिवशी ती तिची पुस्तकं घेऊन आमच्याकडं आली. "तुला फुडच्या साली लागतील. नवी कशाला घेतीस," म्हणाली. मी घेतली. त्याच पुस्तकांवर मी दहावी झाले. तिच्या हातच्या खुणा होत्या, कुठं कुठं समासात लिहिलं होतं, 'महत्त्वाचे'.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. मी शिकले, तुळजापुरात कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागले आणि तीस वर्षं तेच शिकवलं. बाजाराचे प्रकार हे प्रकरण दर वर्षी यायचं. पूर्ण स्पर्धा म्हणजे पुष्कळ विक्रेते, सगळ्यांची वस्तू एकसारखी, भाव कुणा एकाच्या हातात नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, लिहिणाऱ्यानं आमचं गाव बघितलंय. पण खालीच लिहिलेलं, की असा बाजार प्रत्यक्षात आढळत नाही. त्यात पुष्कळ घेणारेही असावे लागतात, हे नंतर लक्षात आलं. अल्पाधिकार, म्हणजे मोजक्याच विक्रेत्यांचा बाजार, शिकवताना मी फळ्यावर दोन विक्रेते काढायची आणि सांगायची, की त्यांनी आपसांत ठरवलेला भाव बहुधा टिकत नाही, कारण गुपचूप शब्द मोडण्यात प्रत्येकाचा फायदा असतो. पोरं लिहून घ्यायची. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, मग ज्यानं शब्द पाळला त्याचं काय होतं?" मी म्हणाले, ते अभ्यासक्रमात नाही. तास संपायला दहा मिनिटं होती, तरी मी पोरांना सोडून दिलं.

तात्यांना मी एकदाच भेटले. एम.ए.ची शेवटची परीक्षा पुण्यात होती. पत्ता मी गावातून घेतला होता, कुणाकडून ते घरी सांगितलं नव्हतं. कारखाना एका बोळात होता. आत सहा कढया, गॅसच्या शेगड्या, भिंती काळ्या. तात्या चौथ्या कढईशी उभे होते. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, दुसऱ्याच्या हातात उलथनं देऊन बाहेर आले, पायरीवर बसवलं, पाणी दिलं. रत्नाचं लग्न झालं होतं, दौंडला दिली होती, दोन मुलं होती. मी पाठ करून गेलेलं काही बोलू शकले नाही.

"काय शिकतीस?" त्यांनी विचारलं.

"अर्थशास्त्र."

"त्यात काय असतंय?"

"बाजार कसा चालतो ते. भाव कसा ठरतो ते."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही. म्हणाले, "शिक. कुणाला तर कळाया पायजे." मग आबा कसे आहेत, आईचे गुडघे कसे आहेत, आमच्या म्हशी किती, भिंत अजून तेवढीच आहे का, असं विचारत राहिले. आतून कुणीतरी हाक मारली तेव्हा ते उठले आणि जाता जाता पेढ्यांची एक पुडी आणून माझ्या हातात दिली. "आयला दे," म्हणाले.

गावी पोचले तेव्हा आई एकटीच होती. मी पुडी तिच्यापुढं ठेवली आणि कुणी दिली ते सांगितलं. आईनं दोरा सोडला, कागद उघडला. "बरा हाय का?" तिनं विचारलं. मी म्हणाले, बरे आहेत. तिनं एकही पेढा उचलला नाही. तेवढ्यात आबा रानातून आले, हातपाय धुऊन आत आले, उघडी पुडी बघून खाली बसले. एक पेढा तोंडात टाकला. चावताना थांबले, मग पुन्हा चावू लागले.

"झ्याक हैत," ते म्हणाले आणि दुसरा उचलला. "कुठले?"

आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

"बाजारातले," ती म्हणाली.